कंपनीत आणि कंपनीचा

माणूस कामाला कुठे जातो, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात मुलखागणिक बदलते. लालबाग-परळच्या माणसाची ‘गिरणी’ होती. प्रवरेच्या किंवा पंचगंगेच्या काठी ‘कारखाना’ म्हटला की तो साखरेचाच, वेगळे सांगावे लागत नाही. खडकी आणि देहूरोडला संरक्षण खात्याची ‘फॅक्टरी’. दापोडीचा पूल ओलांडून कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी असे निघाले, किंवा नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशीमार्गे चाकण गाठले, की मात्र सुरू होते ती ‘कंपनी’. इथे बाप कंपनीत होता, मुलगा कंपनीत आहे, सकाळी रस्त्याकडेला थांबतात त्या कंपनीच्या बस, आणि लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, “मुलगा कोणत्या कंपनीत?” आत औषध बनत असो, स्कूटर बनत असो की नटबोल्ट, पत्र्याच्या शेडमध्ये दोन प्रेस आणि सहा माणसे असली तरी ती कंपनीच. कायद्याच्या भाषेत तो बहुधा एकट्या मालकाचा धंदा असतो, पण इथल्या बोलीला त्याच्याशी देणेघेणे नाही.

मी चिंचवडचा रहिवासी. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांच्या नोंदी करण्याची मला जुनी सवय आहे, आणि त्या वहीत सर्वांत जास्त पाने या एका शब्दाने अडवली आहेत. सरकार, पलटण, नाटक, सिनेमा, मालाची खूण, दोन घटकांची सोबत, गुंडांची टोळी असे कितीतरी अर्थ त्याने मराठीत घेतले आणि त्यांतले काही टाकूनही दिले. ही सगळी वाटचाल पाहताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. या शब्दाच्या अगदी मुळाशी जे आहे, त्याच्यावरच आज या औद्योगिक पट्ट्यातला सर्वांत जिव्हारी लागणारा प्रश्न उभा आहे. ते मूळ म्हणजे भाकरी.

इंग्रजीने ‘कंपनी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला. त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधला ‘कंपानिओ’ आहे. ‘कम्’ म्हणजे सह, आणि ‘पानिस’ म्हणजे पाव, रोटी. जो आपल्याबरोबर बसून आपल्याच रोटीतला तुकडा खातो, तो ‘कंपानिओ’. फ्रँक लोकांच्या ‘लेक्स सालिका’ या सहाव्या शतकातल्या कायदेसंहितेशी या शब्दाच्या सर्वांत जुन्या नोंदी जोडल्या जातात. तो एखाद्या जर्मानिक शब्दाचा लॅटिन अवतार असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कारण गॉथिक भाषेत सोबत्याला ‘गाह्लाइबा’ म्हणत, आणि त्यातही रोटीच आहे. इंग्रजीतला ‘लोफ’ त्याच कुळातला. एवढेच काय, ‘लॉर्ड’ या भारदस्त शब्दाचा मूळ अर्थही ‘रोटीचा राखणदार’ असा आहे. म्हणजे युरोपात मालक आणि सोबती, दोघांचीही ओळख भाकरीवरून ठरली होती. खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा करणाऱ्या आपल्याला हे परके वाटू नये.

हाच ‘पानिस’ दुसऱ्या वाटेनेही आपल्याकडे पोचला. लॅटिन ‘पानिस’चे पोर्तुगीज भाषेत ‘पांव’ झाले, आणि पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरून ते मराठीत ‘पाव’ म्हणून कायमचे राहिले. तेव्हा कंपनीच्या फाटकासमोर टपरीवर वडापाव खाणारा कामगार आणि फाटकावरच्या पाटीवरचा शब्द यांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. एकाच लॅटिन रोटीचा एक तुकडा त्याच्या हातात असतो, दुसरा पाटीवर.

व्यापाराच्या अर्थाने हा शब्द वाढला तो मध्ययुगीन इटलीत. फ्लॉरेन्सच्या व्यापारी पेढ्यांना ‘कंपान्या’ म्हणत. त्यांत भागीदार असत ते बहुतेक बाप, भाऊ, चुलते, पुतणे. आपल्या भाषेत सांगायचे तर एका चुलीवरची माणसे. नफा वाटून घ्यायचा, तोटाही वाटून घ्यायचा, कारण जेवण वाटून घेतलेलेच होते. इंग्रजीत याच शब्दाने घरी आलेले पाहुणे, जहाजावरचे खलाशी आणि एका अधिकाऱ्याच्या हुकमातले शे-सव्वाशे सैनिक, असे सगळे घोळके सामावून घेतले. आपल्या पायदळाच्या पलटणीत आजही कंपन्या असतात. सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांत ‘आमची कंपनी’ याचा अर्थ पिंपरीतल्या अर्थापेक्षा अगदी वेगळा.

मग ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. सुरुवातीला एकेका सफरीपुरते पैसे गोळा होत आणि सफर संपली की हिशेब होई. १६५७ पासून भांडवल कायमचे झाले. इथे या शब्दाने मोठे वळण घेतले. आता ‘कंपनी’तल्या लोकांनी एकत्र बसणे, एकमेकांना ओळखणे गरजेचे उरले नाही. ज्याच्या हाती भाग, तो कंपनीतला. भाकरी वाटून खाण्याच्या जागी लाभांश वाटून घेणे आले. राजापूरला, सुरतेला माल जमवणारा आणि विकणारा माणूस मात्र नोकर राहिला. त्या नोकराला इंग्रजीत ‘फॅक्टर’ म्हणत आणि त्याच्या ठाण्याला ‘फॅक्टरी’. त्या फॅक्टरीत काहीच तयार होत नसे, माल नुसता साठवला जाई. म्हणून मराठीने तिला नेमका शब्द दिला, ‘वखार’.

कंपनीला मराठीने दिलेले रूप अधिक बोलके आहे. जुन्या लिखाणात आणि बोलण्यात ती ‘कुंपणी’ आहे, ‘कुंपणी सरकार’ आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने शेताच्या कुंपणाशी त्याचा काही संबंध नाही. पण कानाला तो लागतोच, आणि ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण ज्या भाषेत आहे, तिच्या कानाला तर फारच. राखणीच्या करारांतून मुलूख कसा गिळला जातो, हे दुसऱ्या बाजीरावाच्या वसईच्या तहानंतर महाराष्ट्राने पाहिलेच होते. इथे एक सावधगिरी हवी. ‘कंपू’ हा शब्द ‘कंपनी’चा भाऊ वाटतो, पण तो नाही. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचे ‘कंपू’ हे छावणी या अर्थाच्या ‘कांपो’-‘कँप’ या कुळातले. आज आपण वाङ्मयीन कंपूशाहीवर बोलतो तेव्हा छावणीबद्दलच बोलत असतो.

आज जिथे कंपन्यांच्या पाट्या आहेत, त्याच मुलखात ही पहिली कंपनी शस्त्र घेऊन आली होती, हे सहसा आठवले जात नाही. राघोबादादांना पेशवाई मिळवून देण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली आणि जानेवारी १७७९ मध्ये तळेगावपर्यंत पोचली. वाटेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी त्याच्या शौर्याची कदर करून त्याचे नाव ‘इष्टुर फाकडा’ असे मराठी करून टाकले. पुढे दाणा-वैरण मिळेना, माघार घ्यावी लागली, आणि वडगावला मराठी फौजांनी घेरल्यावर इंग्रजांना तह करावा लागला. कंपनी आली होती आणि उपाशी परतली होती. पुढच्या खेपेस तसे झाले नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि १८१८ मध्ये चाकणचा संग्रामदुर्गही कंपनीच्या फौजेने घेतला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाविरुद्ध जो दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला, तोच हा भुईकोट. चाकणच्या इतिहासात ‘कंपनी आली’ हे वाक्य असे दोनदा लिहावे लागते.

१८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले, १८७४ मध्ये ती मंडळ म्हणूनही विसर्जित झाली. शब्द मात्र मोकळा झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी माणसाने त्याला सर्वांत आवडत्या कामाला लावले. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. संस्थांची नावे ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’, ‘गंधर्व नाटक मंडळी’ अशी सोज्वळ असत, पण बोलताना लोक म्हणत, “गावात नाटक कंपनी आली.” ‘कंपनी’ला मराठीने दिलेला सर्वांत सुंदर प्रतिशब्द हाच, ‘मंडळी’. त्यात गोतावळा आहे, घर आहे. जुन्या वळणाचा नवरा बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणे. नाटक कंपनीत मालक होता, पगार होते, भागीदारांची भांडणेही होती. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्करमधून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी मंडळी काढली. पण कंपनीचे बिऱ्हाड एक असे, चूल एक असे. राजाचे काम करणारा, पडदा ओढणारा आणि तबला लावणारा, सगळ्यांची जेवणाची सोय कंपनीची. शब्दाचा लॅटिन अर्थ कोणालाही ठाऊक नसताना तो मराठी मुलखात असा पुन्हा जिवंत झाला होता. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आणली, तोपर्यंत हा शब्द मराठी मनात पुरता घरगुती झाला होता.

पिंपरीत तो आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी तिथे उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, १९६६ मध्ये टाटांचा मोटारींचा कारखाना आला. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी ही गावे एकत्र करून नगरपालिका झाली ती १९७० मध्ये, महानगरपालिका १९८२ मध्ये. म्हणजे इथे आधी कंपनी झाली, मग शहर. गावच कंपनीभोवती वाढले, तेव्हा कामाच्या ठिकाणाला दुसरे नाव पडणार कोठून? टाटांच्या ‘टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी’ या लांबलचक नावाचे ‘टेल्को’ झाले. त्यातला शेवटचा ‘को’ म्हणजे कंपनीच, तरी लोक ‘टेल्को कंपनी’ असे दुहेरी म्हणत. २००३ मध्ये ते नाव अधिकृतरीत्या बदलले, पण टेल्को रोड अजून टेल्को रोडच आहे.

या कंपन्यांत मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून, आणि पुढे बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे आली. त्यांना एकत्र बसवले ते कँटीनने. ही नुसती मालकाची मेहेरबानी नव्हती. कारखाने अधिनियम, १९४८ याच्या ४६व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूदही त्यात होती. याचे मोल कळायला थोडे मागे जावे लागेल. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नसे. धाग्याला तोंड लावावे लागते आणि मग विटाळ होतो, हे त्याचे कारण. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. एका छपराखाली एकच काम करणारी माणसे तेव्हा एका पंगतीची नव्हती. त्या पार्श्वभूमीवर स्टीलचे खणांचे ताट घेऊन एका रांगेत उभे राहणे, मागे कोण आणि पुढे कोण हे न विचारणे, हा या पट्ट्यातल्या कंपन्यांनी घडवलेला, फारसा न बोलला गेलेला सामाजिक बदल आहे असे मी मानतो. गावाकडे रोटीव्यवहाराचे जे हिशेब चालत, ते कँटीनच्या रांगेत चालवणे अवघड होते.

पण पंगत आली की पंक्तिप्रपंचही येतो. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसता भात, यासाठी आपल्या भाषेत असा स्वतंत्र शब्दच आहे. या पट्ट्यात तो प्रपंच गेल्या तीसेक वर्षांत दोन साध्या प्रत्ययांत येऊन बसला आहे. मराठीत ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय, तो ठिकाण दाखवतो. ‘चा’ हा षष्ठीचा, तो नाते दाखवतो. “मी कंपनीत आहे” आणि “मी कंपनीचा आहे” यांत व्याकरणाचे अंतर एका अक्षराचे, पण जगण्याचे अंतर मोठे. कायम कामगार कंपनीचा. कंत्राटी कामगार कंपनीत, पण ठेकेदाराचा. हंगामी कामगार कंपनीत, तोही २४० दिवस भरत येईपर्यंत. मग त्याला ‘ब्रेक’ मिळतो. शिकाऊ म्हणून घेतलेला मुलगा वर्षभर तीच मशीन चालवतो, पण कागदावर तो शिकतच असतो. अनेक ठिकाणी गणवेशाचा रंग वेगळा, ओळखपत्राची फीत वेगळी, जेवणाच्या कूपनाचा दर वेगळा. लग्नाच्या बैठकीतला प्रश्नही आता पुढे सरकला आहे. “कोणत्या कंपनीत?” याच्यामागोमाग येतो, “पर्मनंट का?” म्हणजे ‘त’ कळला, ‘चा’ सांगा. विभक्ती या शब्दाचा अर्थच वेगळे करणे असा आहे, याची त्या वेळी आठवण होते.

कायद्यानेही ही चूल बराच काळ वेगळी राहू दिली. कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७०च्या अधिनियमाने शंभर किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथे ठेकेदाराने उपाहारगृह चालवावे, असे सांगितले. ठेकेदाराने ते केले नाही तर मूळ मालकाने करावे, हेही सांगितले. हेतू चांगला होता, जेवण मिळावे हाच. पण १९४८चे उपाहारगृह कारखान्याचे आणि १९७०चे ठेकेदाराचे, अशी एका फाटकाआड दोन घरे कागदावर तयार झाली.

मग प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरला. जो सगळ्यांची भाकरी रांधतो आणि वाढतो, तो कँटीनचा कामगार कोणाचा? याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या नागोठणे येथील इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या उपाहारगृहातील कामगारांच्या बाजूने श्रमिक सेनेने हा वाद न्यायालयात नेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले की, कायद्याने बंधनकारक असलेल्या उपाहारगृहातले कामगार हे कारखाने अधिनियमापुरते कारखान्याचेच कामगार आहेत. तेवढ्यावरून ते बाकी सर्व बाबतींत त्याचे कर्मचारी ठरत नाहीत. मात्र त्या विशिष्ट उपाहारगृहावर व्यवस्थापनाचे किती नियंत्रण होते हे पाहून, ठेकेदार बदलत गेले तरी तेच कामगार राहिले हेही पाहून, न्यायालयाने ते व्यवस्थापनाचेच कामगार असल्याचा निर्वाळा दिला. मला या निकालात भाषेचा अभ्यासक म्हणून फार रस वाटतो. ‘कंपानिओ’ कोण, हाच तो दीड हजार वर्षांचा प्रश्न. न्यायालयाने कागदावरचे नाव बाजूला ठेवून चूल कोणाच्या हुकमाने पेटते, एवढेच पाहिले.

संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत उपाहारगृहाची मर्यादा शंभर कामगारांवर आली आहे, आणि ती मोजताना कंत्राटी कामगारही धरावेत असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. निदान ताटे मोजताना तरी कायद्याने ‘त’ आणि ‘चा’ एका ओळीत बसवले. पगार, नोकरीची शाश्वती, आजारपणाची रजा या बाबतींत ते अंतर तसेच आहे. उलट दुसऱ्या टोकाला, २०१३च्या कंपनी कायद्याने ‘एक व्यक्ती कंपनी’ हा नवा प्रकार आणला. धंद्यासाठी तो सोयीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सहभोजनातून जन्मलेला शब्द शेवटी एकट्याने जेवणाऱ्यालाही लावता येऊ लागला, ही त्याच्या प्रवासातली सर्वांत विचित्र पायरी म्हटली पाहिजे. ‘मर्यादित’ हे विशेषण तर त्याला आधीपासूनच चिकटलेले आहे. मर्यादित असते ती भागधारकाची जबाबदारी. कामगाराची शिफ्ट नव्हे.

शब्दांचे मूळ सांगितले म्हणून जग सुधारत नाही, हे मला ठाऊक आहे. शब्द आपल्या व्युत्पत्तीला बांधील नसतात. नाहीतर ‘फॅक्टरी’ अजून वखारच राहिली असती. तरीही काही शब्द आपले मूळ पोटात बाळगून असतात आणि लोक नकळत त्यांना ते विचारत राहतात. आमच्या भागात दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेनंतर कंपनीत मिठाईची पाकिटे वाटतात, दिवाळीला बोनस होतो. त्या दिवसांत कायम कामगाराच्या घरी रकमेचा आकडा हा चर्चेचा विषय असतो. कंत्राटी कामगाराच्या घरी विषय वेगळा असतो: पाकीट मिळाले का, आणि मिळाले तर कंपनीचे की ठेकेदाराचे. पाव किलो मिठाईसाठी कोणी इतकी चौकशी करत नाही. ती चौकशी पंगतीतल्या पाटाची असते.